दादाची दातांची गाणी

आमच्या दादासमोर कुणी हसलं, की तो आधी दात बघतो आणि मग हसतो. सत्तेचाळीस वर्षं कवळ्या केल्यावर माणसाचं असंच होत असावं. पण नुसते दात बघणारा माणूस असता तर मी लिहायला बसले नसते. याला दातांची गाणी गोळा करायचा नाद आहे. ज्या गाण्यात दात आला ते गाणं दादाचं! मग ते प्रेमाचं असो, भांडणाचं असो, की शाळेच्या बसमध्ये पोरं बोंबलतात त्यातलं असो.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. दोन खोल्यांत आमचं कवळ्यांचं काम चालतं. पुढच्या खोलीत दादाचं टेबल, मेणाच्या गुलाबी पट्ट्या, छोटा बर्नर आणि दातांचे ट्रे. मागच्या खोलीत मी आणि माझं फिरतं चाक. साच्यातून निघालेली कवळी खरखरीत असते, ती चाकावर धरून गुळगुळीत करायची आणि मग तिला चकाकी आणायची, हे माझं काम. भिंतीपलीकडे डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे. त्या मापं घेतात, आम्ही दात करतो. मध्ये एक दार आहे आणि ते दिवसातून पन्नास वेळा आपटतं, कारण दादाला दार हळू लावणं माहीतच नाही.

गाण्यांसाठी त्याच्याकडे एक जाडजूड वही आहे. गाणं, साल, आणि तिसरा रकाना, 'दात कुणाचे'. चारशे बारा गाणी! आणि ती वाचून दाखवताना दादा खुर्चीत बसत नाही, उभा राहतो. म्हणतो, "हे बघ, अगदी जुन्या तबकड्यांत दात फक्त बाईचे. मोती, डाळिंबाचे दाणे, कळ्या! पुरुष तोंडात काही घेऊन जन्मालाच आलेले नाहीत जसे. मग विनोदी गाणी आली, त्यात आजोबांची कवळी पेल्यात बुडाली, कुत्र्याने पळवली. मग पडक्या दातांची बाळगाणी. मग आली चिडकी पोरं, गिटार घेऊन. त्यांच्या गाण्यात सगळे एकमेकांचे दात पाडतात. आणि आता? आता पोरं स्वतःच्या दातांना सोनं लावतात आणि त्यावरच गाणं म्हणतात. म्हणजे फिरून दात मोत्याच्याच भावाला आले की नाही?"

टूथपेस्टच्या जाहिरातीतली गाणी वहीत घ्यायची की नाही, यावरून आमचं तीन वर्षं वाजलं. मी म्हणायचे, चाल आहे, शब्द आहेत, लोक गुणगुणतात, मग गाणंच की. तो म्हणायचा, जाहिरातीतले दात खोटे. मी म्हटलं, "आणि तू काय खरे बनवतोस?" त्यानंतर दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी वहीत मागच्या पानावर नवा विभाग दिसला, जाहिराती, एकूण सत्तावीस. हार मानायची ही त्याची पद्धत.

या नादातून त्याने कामाचाही एक नियम केलाय. दात आधी मेणात रचतात आणि तसेच पेशंटच्या तोंडात बसवून बघतात. मेणात आहे तोवर दात हवा तसा हलवता येतो, एकदा पक्कं झालं की झालं. त्या वेळी बाकीचे कारागीर आकडे मोजायला सांगतात. दादा भिंतीपलीकडे जातो, खुर्चीसमोर स्टूल ओढतो आणि म्हणतो, "तुमच्या विशीतलं एक गाणं म्हणा. अख्खं कडवं. सूर गेला खड्ड्यात, शब्द हवेत." लोक आधी लाजतात. मग एखादा निवृत्त पोस्टमन असा काही गाऊ लागतो की बाहेर बसलेले पेशंट दाढदुखी विसरतात. दादा डोळे मिटून फक्त 'स', 'त' आणि 'फ' ऐकतो. 'स' ची शिट्टी झाली की दात आत, दात खटखटले की उंची कमी. अख्खं कडवं नीट आल्याशिवाय कवळी पुढे जात नाही. डॉक्टरीणबाई कपाळाला हात लावतात, पण आमची कवळी कधी परत येत नाही, हे त्याही कबूल करतात.

तर हे सगळं कुणीतरी रेडिओवाल्यांच्या कानावर घातलं. एका गुरुवारी तिथली निवेदिका मुलगी आली, दादाशी दहा मिनिटं बोलली आणि चक्क म्हणाली, "काका, पुढच्या शनिवारी सकाळी अकरा ते बारा. थेट प्रक्षेपण. तुम्ही, तुमची वही आणि तुमची गाणी."

एक तास! दादाला मी असा कधी पाहिला नव्हता. त्या दिवशी त्याने बर्नर विझवायच्या ऐवजी चहाच्या पेल्यावर फुंकर मारली. चारशे बारांतली अकरा गाणी निवडायची म्हणून त्याने वही टेबलावर पसरली आणि मला चाक बंद करायला लावलं. "अगं, सत्तेचाळीस वर्षं! आजवर हे फक्त तुला सांगत आलो." मला जरा रागच आला. 'फक्त तुला' म्हणे! पण त्याचा चेहरा बघून चाक बंदच ठेवलं.

त्या मुलीने दादाचा आवाज मुद्रित केला होता, तो त्याच संध्याकाळी रेडिओवर लागला. दादा सांगत होता की हा नाद एका गाण्यामुळे लागला. तो एकोणीस वर्षांचा, नुकता कामाला लागलेला, हातात प्लास्टरची वाटी, आणि रेडिओवर एक बाई गात होती. फुशारक्या मारणाऱ्या प्रियकराला चिडवत होती: 'हसलास तर मोजीन रे, दात तुझे मोजीन. सोळा वरचे, सोळा खालचे, सगळे मोजून घेईन.' दादा ऐकत राहिला आणि वाटीतलं प्लास्टर दगड झालं. वहीत पहिला नंबर त्याच गाण्याचा. त्या बाईंचं तेवढंच एक गाणं गाजलं, पुढे त्यांचं काय झालं कुणाला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक ठेंगणी म्हातारी उभी. तोंडाला रुमाल, हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. तिने डबा टेबलावर ठेवून उघडला. आत तीन कवळ्या.

"तुम्ही म्हणे कवळीला गायला लावता," ती रुमालाआडून म्हणाली. "या तिघींना लावून बघा. काल तुम्ही रेडिओवर माझ्याबद्दल बोललात, ती मी."

दादा उठला तो स्टूलसकट. मला वाटलं आता याची दातखिळी बसणार. पण त्याने भिंतीवरच्या फळीवरून त्या गाण्याची तबकडी काढली आणि कव्हरवरचा फोटो त्यांच्या चेहऱ्याशेजारी धरला. हा कसला आगाऊपणा, बाईमाणसाच्या तोंडाशी फोटो धरायचा! पण बाई रुमालाआड हसल्या. मग त्यांनी सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी हिरड्या बिघडल्या आणि सगळे दात काढावे लागले. पहिली कवळी घातली तर 'सोळा' म्हणताना शिट्टी वाजायची. दुसरी सैल, तिसरीने तोंडात फोड आले. "बोलण्यापुरतं कसंतरी निभावतं. गाणं बंद. घरात एकटी असले तरी नाही गात. आपलंच तोंड आपल्याला परकं वाटतं हो."

दादा म्हणाला, "बाई, आठ दिवस द्या."

इथवर सगळं ठीक होतं. पण उत्साहाच्या भरात या माणसाने काय करावं? बाईंची पाठ वळताच रेडिओला फोन! "त्या सापडल्या! शनिवारी त्या स्वतः गाणार!" बाईंना विचारलं नाही, मला विचारलं नाही. आणि रेडिओवाले तर टपूनच बसलेले. दुपारपासून दिवसाला तीन वेळा जाहिरात सुरू: 'तब्बल चाळीस वर्षांनी, प्रथमच, थेट.'

सोमवारी बाई मापासाठी आल्या त्या तापलेल्याच. "मी हो कधी म्हणाले? आता अख्ख्या इमारतीला कळलंय. लिफ्टमध्ये लोक अभिनंदन करतायत! नाही गायले तर म्हणतील म्हातारी घाबरली, आणि गायले नि शिट्टी वाजली तर सगळं शहर ऐकेल." दादा मान खाली घालून उभा. मी मनातल्या मनात म्हटलं, बरं झालं, कुणीतरी त्याला बोललं. पण बाई शेवटी म्हणाल्या, "ठीक आहे. करा. पण ही चौथी. ही जमली नाही तर पुन्हा मला गाण्याबद्दल विचारायचं नाही. कुणीच नाही." त्यांचा आवाज तेव्हा कापला, तो रागाने नाही हे मला कळलं.

त्या चार दिवसांत आमच्या खोल्यांत दुसरं काम झालंच नाही. बाईंच्या जुन्या दातांचा पुरावा म्हणजे तो कव्हरवरचा फोटो. चांगला मोठा, तोंडभर हसणारा. वरच्या दातांत पुढच्या दोघांशेजारचा एक दात तिरका, शेजारच्यावर जरासा चढलेला. दादा म्हणाला, "मोत्यांची रांग करायचीच नाही. हा तिरका दात असाच हवा. गाणं याच तोंडातून निघालंय." बाईंनाही फोटो दाखवून विचारलं, "हाच ना?" बाई म्हणाल्या, "हाच. अगदी अशीच दिसायचे मी."

मंगळवारी मेणातले दात तोंडात बसवून बघितले. आणि इथे दादाने स्वतःचा नियम मोडला! बाई लाजल्या, तोंडावर हात धरून त्यांनी अर्धी ओळ म्हटली, तीही पुटपुटत. मी दारातून खुणावत होते, अख्खं कडवं, अख्खं कडवं! तर हा म्हणतो, "छान आहे, वेळ कमी आहे, पुढे जाऊ." ज्याने पोस्टमनला सोडलं नाही त्याने बाईंना सोडलं. बुधवारी कवळी पक्की झाली. मी घासली, चकाकी दिली. दिसायला अशी देखणी की मीच हसून बघितलं आरशात.

गुरुवारी बाईंनी ती घातली. डॉक्टरीणबाई, दादा, मी, तिघं श्वास रोखून. बाई गाऊ लागल्या. 'हसलास तर' नीट आलं. 'सोळा' ला अडखळल्या. पुन्हा सुरुवात, पुन्हा 'सोळा'. शिट्टी नव्हती, सैलही नव्हती, पण प्रत्येक 'स' ला त्या अर्धा क्षण थांबायच्या, जणू अंधारात पायरी चाचपडावी तसं. चौथ्या वेळी त्यांनी कवळी काढली, रुमालात गुंडाळली आणि टेबलावर ठेवली.

"सुंदर आहे हो," त्या म्हणाल्या. "पण ही मी नाही. माफ करा."

दादा त्या रुमालाकडे बघत बसला. या माणसाला गप्प बघण्यापेक्षा त्याने दहा दारं आपटलेली परवडली. बाई घड्याळात बघत उठल्या, आणि मी त्यांच्या मनगटाकडे बघत राहिले. घड्याळ डाव्या हातात होतं. कव्हरवरच्या फोटोतही घड्याळ आहे, हनुवटीखाली हात धरलेला, आणि तो हात उजवा!

"बाई, तुम्ही घड्याळ पूर्वी उजव्या हातात घालायचात?"

"नाही गं. आयुष्यभर डाव्याच हातात. का?"

मी कव्हर ओढून घेतलं. "दादा! फोटो उलटा छापलाय!"

कव्हर छापतानाच डाव्याचं उजवं झालेलं. सत्तेचाळीस वर्षं ते कुणाच्या लक्षात आलं नाही. बाईंना तरी कसं येणार? आपण आपल्याला आरशात बघतो, आणि आरसाही डाव्याचं उजवंच दाखवतो. म्हणून तो फोटो त्यांना नेहमी अगदी बरोबर वाटत आला. आणि दादा? समोरच्याचा डावा दात आपल्या उजव्या बाजूला येतो, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं. त्याने फोटो बघून व्यवस्थित बाजू बदलली आणि व्यवस्थित चुकला. तिरका दात डाव्या बाजूचा होता. आम्ही तो उजवीकडे बसवला होता. बाईंचे डोळे फसले, दादाचे डोळे फसले, पण त्यांची जीभ मात्र प्रत्येक 'स' ला डावीकडेच जात होती.

"मूर्ख," दादा म्हणाला. स्वतःलाच. मग ओरडला, "मूर्ख! अर्ध्या ओळीवर सोडलं मी! अख्खं कडवं घेतलं असतं तर मेणातच कळलं असतं!" आणि मधलं दार असं आपटलं की डॉक्टरीणबाईंची फळी हलली. माझा जीव भांड्यात पडला. आमचा दादा परत आला होता.

शुक्रवारी सकाळीच तो कामाला बसला. पक्क्या झालेल्या कवळीतून पुढचे दात कापून काढायचे, नव्याने रचायचे आणि बेताने जोडायचे. तडा गेला तर संपलं. बाई समोर स्टूलवर. दादा दात मेणावर टेकवायचा, बाई तोंडात घालून म्हणायच्या, 'सोळा वरचे'. अजून जरासा आत. 'सोळा खालचे'. अजून केसभर तिरका. माझे हात नुसते शिवशिवत होते. अकराव्या की बाराव्या खेपेला बाईंचा 'स' असा सरळ सुटला की त्या स्वतःच दचकल्या. पुढची ओळ आली, तिच्या पुढची आली, आणि अख्खं कडवं संपलं तरी त्या थांबेनात! डॉक्टरीणबाई पेशंटला आ करून ठेवून दारात आल्या. मी रडत होते, सांगायला लाज कसली.

शनिवारी अकराला आम्ही तिघं स्टुडिओत. काचेपलीकडे निवेदिका मुलगी, मध्ये टेबल, दोन माइक. दादाची वही उघडी, अकरा गाण्यांना अकरा चिठ्ठ्या लावलेल्या. मी कोपऱ्यात, श्वास मोठ्याने घ्यायचा नाही अशी ताकीद मिळालेली. दादाने सुरुवात केली. मोती, डाळिंबाचे दाणे, कळ्या. छान बोलत होता! पहिली तबकडी वाजली. मग दहा मिनिटांनी तो म्हणाला, "आणि आता वहीतलं पहिलं गाणं," आणि बाईंकडे वळला.

बाई गायल्या. शहात्तर वर्षांचा आवाज, वरच्या पट्टीत जरा फाटलेला, पण काय तो ठसका! 'सोळा वरचे' म्हणताना तर दादाकडे बोट दाखवून त्याचेच दात मोजले त्यांनी. निवेदिका मुलगी तोंडावर हात घेऊन हसत होती. गाणं संपलं. आता दादाचं दुसरं गाणं. मुलीने खूण केली. तेवढ्यात बाई माइकमध्ये म्हणाल्या, "अजून एक म्हणू? हे कधी कुठे वाजलंच नाही. त्यात दात नाहीत, चालेल?"

मी दादाकडे बघितलं. अकरा चिठ्ठ्या, सत्तेचाळीस वर्षं, आयुष्यात मिळालेला एकच तास. मला ओरडावंसं वाटलं, नाही चालणार! दादाने वही मिटली. "म्हणा," तो म्हणाला.

त्या एकामागून एक गात राहिल्या. अकरा वर्षांचं साठलेलं, बाहेर पडायला नुसतं ढकलाढकली करत होतं. प्रेमाचं झालं, रुसव्याचं झालं, एक तर नुसत्या आलापाचं. मुलगी दोनदा दादाला खुणावून गेली, दोन्ही वेळा त्याने 'नको' म्हणून मान हलवली. बाराला दहा सेकंद कमी असताना ती घाईघाईने म्हणाली, "काका, शेवटी काही सांगाल?"

दादा माइकवर वाकला. "ऐकलंत ना? सगळे 'स' आले."

दिवा विझला. बाईंना भेटायला स्टुडिओतली सगळी माणसं धावली आणि आम्ही दोघं जिना उतरून रस्त्यावर आलो. आता मात्र मी सोडलं नाही. "दादा, अकरांतली दोनच झाली तुझी! एवढी वर्षं जपलंस, एवढी रात्रंदिवस वाट बघितलीस, आणि सगळा तास देऊन टाकलास? काय मिळालं तुला?"

तो चालता चालता थांबला. वही एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली.

"अगं, ते गाणं मी हजार वेळा ऐकलं असेल," तो म्हणाला. "पण समोर बसून आज पहिल्यांदाच ऐकलं."

त्याचे डोळे भरले होते आणि तो तोंडभर हसत होता.  मी त्याच्या हातातली वही घेतली, आणि आम्ही बस स्टॉपकडे चालू लागलो.